पाइप निळा पडला म्हणून आम्लाला हात लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याने त्याच्या जुन्या गाडीला स्टेनलेस स्टीलचा नवा हेडर बसवला. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू घेऊन पुढे एका नळीत आणणारे वळणदार पाइप. त्याच्या हेडरचे चारही पाइप आरशासारखे चकचकीत होते. पहिल्या लांबच्या फेरीनंतर त्याने बॉनेट उघडलं, तर इंजिनाला लागून पाइप निळे-जांभळे झालेले, खाली तपकिरी आणि त्याखाली पिवळसर. एकाने त्याला सांगितलं, "स्टील डुप्लिकेट आहे, अस्सल एसएस कधी रंग बदलत नाही." दुसरा म्हणाला, "इंजिन जळतंय तुझं." तिसऱ्याने लेबल नसलेली एक प्लास्टिकची बाटली आणून दिली. "हे लाव. पाच मिनिटांत पांढरं होईल."

बाटलीत पिकलिंग पेस्ट होती. वेल्डिंगनंतर स्टेनलेसचे सांधे साफ करायला आम्ही जी वापरतो, तीच. त्यात नायट्रिक आम्लाबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. भाच्याने पातळ हातमोजे घातले होते आणि उजव्या तर्जनीवरचा मोजा फाटला होता. लावताना त्याला काहीच जाणवलं नाही. पाइप पांढरे झाले, तो खूश झाला, हात धुऊन जेवला आणि झोपला. रात्री दोन वाजता मला त्याचा फोन आला. "मावशी, नखाखाली कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटतंय गं, पण वरून काहीच दिसत नाही."

मी विचारलं, दिवसभरात कशाला हात लावलास? त्याने सांगितल्यावर माझे पाय गार पडले. नळ सोडून बोट त्याच्याखाली धर म्हटलं आणि तशीच निघाले. रुग्णालयात शिरताच डॉक्टरांना पहिले दोन शब्द सांगितले: हायड्रोफ्लोरिक आम्ल. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावलं, नंतर इंजेक्शनंही दिली. बोट वाचलं. नख गेलं, आणि टोकाला अजून बधिरपणा आहे.

मी गेली सव्वीस वर्षं टिग वेल्डिंग करते आणि त्यातली बहुतेक वर्षं एक्झॉस्टचे पाइप बनवण्यात गेली आहेत. हा हेडर त्याने मला न सांगता विकत आणला होता. मावशीने बनवलेला नाही, मग तिला कुठल्या तोंडाने दाखवायचा, या संकोचात तो माझ्याकडे आला नाही. आला असता तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं की तुझ्या पाइपला काहीही झालेलं नाही. ती दोन मिनिटं त्याला देता आली नाहीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुमचे किती वाचक असे चकचकीत पाइप बसवत असतील आणि आठवड्याभरात ते रंगलेले पाहून घाबरत असतील, कोण जाणे.

मी बनवलेला एकही हेडर असा नाही की जो रंगला नाही. नवा हेडर बसवून इंजिन पहिल्यांदा सुरू करते तेव्हा मी बाजूला उभी राहून बघत असते. आधी फ्लँजजवळ, म्हणजे पाइप इंजिनाला बोल्टने जोडलेला असतो तिथे, हलकी गवती, म्हणजे वाळल्या गवतासारखी पिवळसर छटा येते. ती खाली सरकते आणि तिच्या मागे सोनेरी येतो. पुढे गाडी चढाला लागली, इंजिनावर भार आला, की सोनेरीच्या जागी तपकिरी, मग वांगी, मग जांभळा आणि शेवटी निळा. रंगांचा क्रम कधी चुकत नाही, कारण हा रंग धातूत मुरलेला नसतो, तो वरच्या एका थराच्या जाडीतून येतो.

स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक थर आपोआप तयार होतो. थंड असताना तो दोन-तीन नॅनोमीटरचा असतो, म्हणून दिसत नाही. पाइप तापला की हा थर जाड होऊ लागतो. जाड म्हणजे तरी किती, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पण प्रकाशाच्या लहरींना तेवढं पुरतं. काही प्रकाश थराच्या वरच्या बाजूवरून परततो, काही आत जाऊन खालच्या धातूवरून परततो, आणि या दोन परतीच्या लहरी एकमेकींत मिसळताना एखादा रंग मारला जातो. थर पातळ असताना निळा मारला जातो, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. थर वाढला की तांबडा मारला जातो आणि निळं दिसतं. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, तेच हे. विश्वास बसत नसेल तर थंड पाइपकडे आधी समोरून आणि मग अगदी तिरकं बघा, छटा बदललेली दिसेल. रंग लावलेला पत्रा असं करत नाही.

३०४ हा एक्झॉस्टमध्ये सर्रास वापरला जाणारा ग्रेड. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हवेत तापवल्यावर तो साधारण २९० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा होतो, ३४० ला गवती, ३९० ला तपकिरी, ४५० ला गडद जांभळा, ५४० ला निळा आणि ६०० ला गडद निळा. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, कारण किती वेळ तापला यालाही महत्त्व आहे.

इथेच एक मोठी चूक होते आणि ती जाणत्या मेकॅनिकांकडूनही होते. छिन्नीला पाणी देताना लोहार जो रंग बघतो, त्याचा तक्ता अनेकांना पाठ असतो: गवती म्हणजे २२० च्या आसपास, निळा म्हणजे ३००. तो तक्ता साध्या कार्बन स्टीलचा आहे. स्टेनलेसवर क्रोमियमचा थर फार सावकाश वाढतो, त्यामुळे त्याच निळ्यासाठी दोनशेहून अधिक अंश जास्त लागतात. तो तक्ता हेडरला लावून "तीनशेच अंश आहेत, काळजी नको" म्हणत कुणी तेवढीच उष्णता सोसणारं वेष्टन असलेली वायर पाइपला लागून नेली, तर ते जळणार. पूर्ण अंधारात धातू स्वतःहून तांबूस दिसू लागतो ते ५२५ अंशांच्या सुमारास. म्हणजे ज्या जागी पाइप निळा आहे, ती जागा कधीतरी मंद लालसर होण्याच्या उंबऱ्यावर जाऊन आलेली आहे. भार असलेल्या पेट्रोल इंजिनातून वायू आठशे-नऊशे अंशांनी बाहेर पडतो, तेव्हा पाइप एवढा तापणं यात नवल काहीच नाही. स्टेनलेस स्टीलचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं त्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणूनच हे मिश्रण शोधायला घेतलं होतं. तप्त वायू सोसणारी नळी, हेच या धातूचं पहिलं काम ठरलं होतं.

आता "डुप्लिकेट" या शब्दाबद्दल. या शब्दाचा मला खरोखर राग येतो. रंग आला म्हणून स्टेनलेस खोटं ठरत नाही. ३०४ रंगतं, महागडं ३२१ रंगतं, टायटॅनियमही रंगतं. लोहचुंबक लावून बघणारे असतात. चुंबक चिकटला की "बघा, लोखंड आहे" म्हणतात. पण कारखान्यातून येणाऱ्या असंख्य गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ४०९ ग्रेड असतो, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतो. ते स्टेनलेसच आहे, फक्त वेगळ्या जातीचं. त्यावर बाहेरून हलका तांबूस गंज दिसू शकतो, पण म्हणून पाइप लगेच सडत नाही. उलट अस्सल ३०४ च्या पाइपलाही जिथे थंड अवस्थेत वाकवलेलं असतं त्या वळणावर चुंबक थोडा ओढला जातो, कारण वाकवताना धातूची आतली रचना बदलते. सरळ भागाला चिकटत नाही आणि वळणाला किंचित धरतो, असं झालं तर विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. ग्रेड खात्रीने हवा असेल तर खरेदी करतानाच बिलावर लिहून घ्या.

इंजिन जळतंय का, हा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. रंग काही सांगतो, पण ऐकणाऱ्याने घाई करू नये. मी केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीच्या चार पाइपांपैकी दुसराच जास्त निळा दिसला आणि मी ठामपणे सांगितलं की त्या सिलिंडरचा इंजेक्टर तुंबलाय, इंधन कमी पडतंय. इंजेक्टर काढून तपासले. चारही सारखे. मग नीट पाहिलं, तर दुसरा पाइप फ्लँजपासून दोन बोटांवरच झटकन वळत होता. वायू सरळ येऊन वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर आदळत होता आणि वाकवताना ती भिंत पातळही झालेली होती. बाकीचे तीन पाइप आधी सरळ जात होते. त्या गृहस्थांचे दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून मी फ्लँजपासून सारख्या अंतरावरच्या आणि सारख्या वळणाच्या जागांचीच तुलना करते.

दुसरी गोष्ट, रंग मागे जात नाही. पाइप आजवर सर्वात जास्त किती तापला त्याची ती खूण असते. आज इंजिन कसं चाललंय, हे जुन्या निळ्या पाइपवरून कळणार नाही. नव्या पाइपवर, पहिल्या काही तासांत, तुलना उपयोगी पडते. एकदा नव्या हेडरचे तीन पाइप छान सोनेरी झाले आणि चौथा चांदीसारखा कोराच राहिला. त्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगची वायर आतून तुटलेली होती, तिथे जाळच होत नव्हता. उलटही होतं. पेट्रोल इंजिनात एक भाग इंधनाला वजनाने १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण, आणि त्याच्या आसपास बाहेर पडणारा वायू सर्वात तप्त असतो. गरजेपेक्षा जास्त इंधन मिळणाऱ्या सिलिंडरांमध्ये एखाद्याला कुठूनतरी जादा हवा मिळाली, तर तेवढाच पाइप जास्त तापतो. ठिणगी उशिरा पडत असेल तर चारही जास्त तापतात, कारण व्हॉल्व्ह उघडतानाही आत ज्वलन चालूच असतं. गाडी जागेवर नुसती चालू असताना फ्लँजजवळ लाल दिसू लागलं, तर मात्र तिथेच बंद करा आणि तपासून घ्या.

तापमान मोजायला लोक इन्फ्रारेड थर्मामीटर घेतात. चांगली सवय आहे, पण नव्या चकचकीत पाइपवर तो खोटं बोलतो. चकचकीत धातू उष्णतेचे किरण फार कमी सोडतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. चारही पाइपांवर सारख्या अंतरावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा छोटा ठिपका लावा आणि त्या ठिपक्यावर मोजा.

मला निळ्या पाइपची भीती वाटत नाही. मी बघते ते वेगळंच. गॅस्केटच्या, म्हणजे फ्लँज आणि इंजिन यांच्यामधल्या पातळ चकतीच्या, कडेने काजळीचे फटकारे आहेत का, वेल्डच्या कडेला केसासारखी चीर आहे का, पृष्ठभाग निळ्याच्या पुढे जाऊन करडा, खरबरीत झालाय आणि त्याचे पोपडे सुटताहेत का. ३०४ सारखं स्टेनलेस तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता मात्र त्याच्या तिपटीने कमी वाहून नेतं. म्हणून एक जागा तापते, शेजारची थंड राहते आणि ताण येतो तो सांध्यावर. हेडर मरतो तो बहुतेक असाच, चिरा पडून.

तरीही पाइप चकचकीतच हवा असेल, तर त्यात काही गैर नाही. डोळ्याला जे आवडतं त्यासाठी माणूस मेहनत घेतो. पाइप पूर्ण थंड होऊ द्या. न विणलेल्या तंतूंचं घासायचं पॅड आणि धातूचं पॉलिश, एवढ्याने पिवळा-तपकिरी सहज निघतो. निळ्याला जास्त वेळ लागतो. लोखंडी काथ्या किंवा साध्या स्टीलचा वायरब्रश कधीही वापरू नका, त्याचे कण पाइपमध्ये रुततात आणि चार दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उठतात. मग पुन्हा "डुप्लिकेट". संडास साफ करायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्येही क्लोरीन असतं. ही दोन्ही स्टेनलेसची शत्रू, त्यांच्यामुळे बारीक खड्डे पडतात. नवा हेडर बसवला की इंजिन सुरू करण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा अॅसिटोनने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण बोटांचे तेलकट ठसे पहिल्या तापण्यातच कायमचे भाजले जातात. ब्रेक क्लीनर वापरायचा तर त्यात क्लोरीनयुक्त द्रावक नाही हे डब्यावर वाचून मगच. वेल्डिंगच्या ज्वाळेशी त्याची गाठ पडली तर फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

आणि एवढं करून पुढच्या चढावर पाइप पुन्हा रंगणारच. रंग कायमचा नको असेल तर सिरॅमिकचा लेप दिलेला पाइप घ्या, किंवा दुहेरी भिंतीचा, ज्यात आतली नळी तापते आणि बाहेरची थंड राहते. वर कापडी पट्टी गुंडाळली की बॉनेटखालची उष्णता कमी होते हे खरं, पण पाइप आत आणखी तापतो आणि पट्टीत ओल धरून राहते. मी माझ्या हेडरवर ती गुंडाळू देत नाही.

मग पिकलिंग पेस्ट बनवलीच कशाला, असं कुणी विचारेल. तिचं काम आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. रंगलेल्या थराखाली धातूतलं क्रोमियम थोडं कमी झालेलं असतं, कारण ते वर थरात गेलेलं असतं. औषधं किंवा दूध वाहून नेणाऱ्या नळीत वेल्डच्या कडेचा असा पट्टा राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून तो आम्लाने खरवडून काढतात आणि खालचा निरोगी धातू उघडा करतात. ती नळी नंतर कधी चारशे-पाचशे अंशांवर जाणार नसते. हेडर मात्र रोज जातो. आज आम्लाने काढलेला थर संध्याकाळी पुन्हा येतो. त्यासाठी हाडापर्यंत जाणारं आम्ल घरात आणायचं? हे आम्ल कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. प्रमाण कमी असेल तर कित्येक तास वेदनाच होत नाही, आणि तेवढ्यात ते खोल गेलेलं असतं. जास्त जागेवर सांडलं तर हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो.

माझ्या दोन मागण्या आहेत. हेडर विकणाऱ्यांनी ग्रेड लिहून द्यावा आणि सोबत एक ओळ छापावी: वापरल्यावर हा पाइप पिवळा, जांभळा, निळा होईल. एवढ्या एका ओळीने भाच्याचं नख वाचलं असतं. आणि ज्यांच्याकडे पिकलिंग पेस्ट आहे, मग ते माझ्यासारखे कारागीर असोत की दुकानदार, त्यांनी ती मूळ डब्यातून दुसऱ्या बाटलीत ओतून कुणालाही देऊ नये. मैत्रीत तर मुळीच नाही. माझ्या कपाटातला डबा मी आता कुलपात ठेवते आणि जेलची नळी त्याच्या शेजारी नाही, तर बाहेर नळाजवळ टांगते.

जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर बाकी सगळं कापा, पण पुढची वाक्यं ठळक अक्षरात छापा अशी विनंती आहे: पिकलिंग पेस्ट अंगाला लागली तर दुखत नसलं तरी लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, हातमोजे आणि कपडे काढा, २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असेल तर चोळत राहा आणि थेट रुग्णालय गाठा. तिथे "अॅसिड लागलं" एवढंच सांगू नका, "हायड्रोफ्लोरिक" हा शब्द सांगा.

आपली नम्र,
एक वाचक, टिग वेल्डर